आणखी एकाला जागा

निलंग्याच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली, की आधी खिडकीतून रुमाल आत जातात आणि मागून माणसं. त्या दिवशी दोघांच्या सीटवर माझ्या रुमालाशेजारी एक चौकटीचा रुमाल होता. त्याचा मालक अंगानं आडवा, घामाघूम आणि कमालीचा खूश. नाव त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बसल्या बसल्या त्यानं पुढच्या सीटच्या पाठीवरल्या धुळीत बोटानं लिहिलं: ७३९३९१३३.

"एक आन् तो सोता सोडला, तर याला कशानंच भाग जात न्हाई. आता बघा." त्यानं रुमालानं शेवटचा तीन पुसला. "उरल्यालाबी जात न्हाई." मग आधीचा तीन, मग एक. दर आकड्याला तो भुवया उडवून माझ्याकडं बघायचा. शेवटी सात एकटाच उरला. त्यालाही भाग जाईना.

"आणि अख्ख्या आकड्याला शेवटी आणखी एक अंक जोडला तर?"

"कुठलाबी जोडा, मोडतंय! आणखी एकाला जागाच न्हाई त्याच्यात."

औशाला गर्दी चढली. पिशवी सांभाळत एक म्हातारबा आमच्यापाशी येऊन थांबले. शेजाऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं, धुळीतल्या साताकडं पाहिलं, आणि मला खिडकीकडं रेटलं.

"या मामा, मधी बसा. आकड्याला जमत न्हाई, आपल्याला जमतंय."

लातूर येईपर्यंत त्याचा अर्धा देह वाटेतच लोंबकळत होता, आणि मामांसाठी तो आकडा पुन्हा पहिल्यापासून लिहीत होता.