आडवं पडून निवडलेला मॉनिटर

"थांबा, थांबा, थांबा! चेंडू अजून हवेत आहे!"

हे वाक्य काका कुठेही म्हणायचे. मैदानावर माइक हातात असताना तर म्हणायचेच, पण चहावाला "दूध संपलं" म्हणाला तरी हेच. कुणाची नोकरी जावो, कुणाचं ठरलेलं लग्न मोडो, काका त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणणार, चेंडू अजून हवेत आहे. समोरच्याला आधी राग यायचा आणि मग हसू यायचं.

टेनिसच्या चेंडूवरच्या क्रिकेटच्या स्पर्धा तुम्हीही पाहिल्या असतील. भाईंदरकडच्या खाडीकाठच्या गावांत थंडी पडली की दर रविवारी मांडव पडतात, भोंगे लागतात, गावोगावचे संघ टेम्पोतून उतरतात. राई गावच्या मैदानावर त्या सगळ्या गोंधळावर एक आवाज असायचा, तो आमच्या काकांचा. माझ्या नात्यातले नव्हेत, सगळं मैदानच त्यांना काका म्हणायचं. शेजारच्या टेबलावर मी लॅपटॉप घेऊन बसायचे. स्कोअर भरायचा आणि सामना घरी बसलेल्यांना थेट दिसेल असं बघायचं, हे माझं काम. आठवडाभर हिशेबाचं ऑफिस आणि रविवारी राई. आता बदली होऊन नाशिकला आलेय, पण रविवार उजाडला की कान अजून तो आवाज शोधतात.

माइकवर काकांची भाषा ऐकावी! "क्रिकेटरसिक हो, मावळत्या दिनकराच्या साक्षीने फलंदाज सज्ज झालेला आहे!" आणि माइक खाली ठेवला की, "अगो पोरी, पानी हाय का न्हाय?" एका तोंडात दोन माणसं सुखाने नांदत होती.

मुळात ते खेळाडू होते. त्यांचा थोरला भाऊ, ज्याला सगळं गाव दादा म्हणायचं, पंच होता. एका सामन्यात दादाने सख्ख्या भावाला धावबाद दिलं. काकांनी घरी जाऊन जेवणाच्या ताटावर भांडण काढलं. दादा शांतपणे म्हणाला, "पांढरी टोपी घातली का माजा गाव न्हाय आन् भाव पन न्हाय." त्या दिवशी काकांनी बॅट ठेवली आणि माइक उचलला. म्हणजे दादा हाताने निकाल द्यायचा आणि काका तोंडाने. बरीच वर्षं हे असं चाललं.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, माणसाचं मन कशात तरी रमवा. पण दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एका रविवारी त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्याच्यासमोर मोबाइलवर आमचा सामना धरला. एवढ्याशा पडद्यावर त्याला चेंडूच दिसेना. त्यात मैदानावरचा जनरेटर बंद पडला, माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे तोही त्याच क्षणी गप्प झाला आणि प्रक्षेपण तुटलं. मोबाइल काळा झाला आणि दादाने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी फायनल होती, राई विरुद्ध पाली. शनिवारी सकाळीच काका शांती नगरला आमच्या दारात हजर!

"पोरी, चल. तुज्या लॅपटॉपला बॅटरी आन् दादाला मोठा पडदा. फायनल त्याला दाखवल्याबिगर मी माइक धरायचा न्हाय."

टीव्ही बाहेरच्या खोलीत होता, तो आत नेला तर बाकीच्या घराने उठाव केला असता. आतल्या खोलीत दादाच्या पलंगाच्या पायथ्याशी त्याच्या मुलीचा, म्हणजे काकांच्या पुतणीचा, जुना कॉम्प्युटर होता, फक्त त्याचा मॉनिटर गेलेला. म्हणून मॉनिटर.

आमच्या सेक्टरमध्येच एक लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदाराने माझा लॅपटॉप उलटा करून झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. "मॅडम, ये लेके घूम रहे थे आप?" मला वाटत होतं टचपॅड नुसताच वर आलाय! जुन्या बॅटरीवरचा नंबर जुळवून त्याने कपाटातून नवी काढली, आणि तो स्क्रू पिळायला लागताच काकांना राहवेना.

"आणि दुकानदार सरसावले आहेत! हातात पेचकस, नजर स्थिर, समोर अत्यंत बिकट स्क्रू!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. नवी बॅटरी चार्जिंगला लावली तर हे पडद्यावरचे टक्के धावांसारखे पुकारताहेत. शंभरी भरली तेव्हा दोन अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभी, पण हसू काही आवरत नव्हतं.

मग मॉनिटर. दुकानदाराने कौतुकाने एक वाकडा, कमानीसारखा मॉनिटर दाखवला. "काका, एकसौ चव्वालीस हर्ट्झ है."

"वो सब ठीक है सेठ. चेंडू दिसना चाहिए."

मग गेल्या वर्षीचा राईचा सामना लावायला लावला. काका मागे मागे सरकले आणि थेट जमिनीवर आडवे झाले. कुशीवर, हाताची उशी करून, भर दुकानात!

"अरे काका, लेटके कौन देखता है?"

"मेरा भाई," काका खालून म्हणाले.

दुकानदाराने एक खोका फाडून पुठ्ठा काकांच्या अंगाखाली सरकवला आणि स्वतः त्यांच्या शेजारी आडवा झाला. तेव्हा कुठे कळलं की उभ्याने लखलखीत दिसणारा एक स्वस्त मॉनिटर खालून पाहिला की काळवंडतो. पिवळा चेंडू त्यात पार नाहीसा होत होता. दुसऱ्यात चेंडू दिसायचा पण ट्यूबलाइटही दिसायची. तिसरा लावला आणि काका ओरडले, "दिसला! शिलाईसकट दिसला!" टेनिसच्या चेंडूला कसली शिलाई, पण मी कशाला बोलतेय? तोवर एक आजोबाही काठी बाजूला ठेवून खाली बसले होते आणि तिसराच बरा असं त्यांचंही मत पडलं. वाकड्या मॉनिटरकडे कुणी बघितलंही नाही.

मांडीवर खोका घेऊन काका रिक्षात बसले, ते राईपर्यंत नव्या नवरीला सांभाळावं तसे त्याला सांभाळत होते. पुतणीने मॉनिटर जोडला, सामना लावला. चित्र झकास! आवाज मात्र शून्य.

"काका, याला स्पीकरच नाहीये," पुतणी म्हणाली. जुन्या मॉनिटरला तो आतच होता.

काकांचा चेहरा असा पडला की मलाच रडू यायला लागलं. सगळं दुकान खाली झोपवलं, चेंडू चेंडू केलं, आणि स्वतःचा आवाज बघायचाच विसरले! आमची ती शनिवारची धावपळ ज्या माणसासाठी होती, त्याने मॉनिटरकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. काका उठले आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. मैदान घरामागेच, मध्ये एक बोळ. "भोंगा ऐकू येतोय ना? मंग! चेंडू अजून हवेत हाय."

रविवारी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. काका माइकवर पेटले होते, पण दर षटकाला माझ्याकडे वळून हळूच विचारायचे, "घरून काय आला का?" मी मोबाइल बघून नकारार्थी मान हलवायचे.

पालीची फलंदाजी सुरू झाली आणि पुतणीचा व्हिडिओ आला. थेट म्हटलं तरी आमचं चित्र घरी पोचायला अर्धं मिनिट लागायचं. भोंगा मात्र खिडकीतून लगेच पोचत होता. म्हणजे काका "चौकार!" ओरडले तेव्हा मॉनिटरवर गोलंदाज अजून धावायलाही लागलेला नव्हता. आणि दादा? दादा मॉनिटरकडे तोंड करून होता. आवाज कानावर पडताच त्याने डावा हात आडवा हलवून चौकार दिला. मागाहून मॉनिटरवर चेंडू सीमेपार गेला आणि पलंगाभोवती जमलेली पोरं खिदळली. चेंडू पडायच्या आधी निकाल देणारा पंच! दादाचं अर्धं तोंड हसत होतं.

मी मोबाइल काकांसमोर धरला. जन्मात पहिल्यांदा ते माइकवर गप्प झाले. अख्खं मैदान आमच्या मांडवाकडे बघायला लागलं. "क्रिकेटरसिक हो," एवढंच म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले.

आणि शेवटच्या षटकात जनरेटर गेला.

भोंगे मुके झाले. माझ्या लॅपटॉपने डोळा मिटला नाही. नवी बॅटरी, बाई, नवी बॅटरी! चित्र जात होतं. पण खिडकीतून आवाज जात नव्हता. काकांनी माइक दोनदा ठोकून पाहिला, घराच्या दिशेने पाहिलं, माइक टेबलावर ठेवला आणि जाऊन मैदानाच्या घराकडच्या कडेला उभे राहिले.

शेवटचा चेंडू. पालीला चार हव्या होत्या. त्यांच्या पोराने असा काही तडाखा दिला की चेंडू मांडवावरून गेला. राई हरली, पालीचे लोक मैदानात घुसले, आणि आमचे काका, गुडघे दुखतात म्हणून पायरी टाळणारे, पोट सांभाळत बोळात धावत सुटले. मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते, "पळा काका, पळा!"

पुढचं पुतणीच्या व्हिडिओत आहे. तो मी किती वेळा पाहिला त्याला गणती नाही. मॉनिटरवर गोलंदाज चेंडू पुसत उभा आहे. दादा मॉनिटरकडे बघतच नाहीये, तो खिडकीकडे बघतोय. खिडकीत काका येतात. तोंड उघडतात, पण दम असा लागलाय की शब्द फुटत नाही. तेव्हा ते पंच षटकाराला नेतात तसे दोन्ही हात डोक्यावर नेतात. दादा ते बघतो आणि त्याचा डावा हात सावकाश सरळ वर जातो.

राई हरली होती, आणि राईचे दोन भाऊ हात वर करून एकमेकांकडे बघत हसत होते. मॉनिटरवर चेंडू अजून हवेत होता.