मॅनेजरांचा जुना लॅपटॉप

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात मी उगवणशक्तीचे अहवाल टाइप करायचे. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं असतील. ऑफिसातला एकुलता कॉम्प्युटर बिलांना लागायचा. मॅनेजरांना मालकांनी नवा लॅपटॉप दिला, तेव्हा त्यांनी जुना माझ्या टेबलावर आणून ठेवला. झाकण उघडलं आणि आधी वास आला, गुटख्याचा. बटणांच्या फटींत सुपारीचा भुगा बसला होता, सगळ्यात लांब बटण दाबलं की चिकटून खालीच राहायचं, आणि पडद्यावर तेलकट बोटांचे ठसे होते. लॅबमधलं स्पिरिट, कापूस आणि काडेपेटीतल्या काड्या घेऊन मी तो अर्धा दिवस पुसला. शेजारी बसून बी मोजणाऱ्या मावशी म्हणाल्या की, यापरीस मोरी घासलेली बरी.

सुरू केला, तर खरी घाण आत होती. अहवालाच्या दोन ओळी टाइप केल्या की पडद्यावर आपोआप नागड्या बायकांचे फोटो उघडायचे. एक बंद करावा तर दोन यायचे. एकदा गोडाऊनची माणसं सहीसाठी समोर उभी असतानाच तसं झालं. त्यांतल्या एकाने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मी झाकण आपटून बंद केलं. मॅनेजरांना सांगितलं तर ते हसले. व्हायरस आहे, इंटरनेटवरून येतो, सगळ्यांच्याच मशीनमध्ये असतो, म्हणाले. त्यानंतर मी पाठ भिंतीला लावून काम करू लागले.

माझा मामेभाऊ औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकत होता. एका रविवारी तो आला आणि त्याने मला विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या तीन सीडी दिल्या. म्हणाला, आधीचं सगळं पुसून हे टाक, व्हायरसची कटकट जाईल. लॅपटॉपचा डिस्प्ले मात्र त्रास देईल. मी मॅनेजरांना विचारलं, सगळं पुसू का? ते फोनवर होते. "करा, करा," म्हणत त्यांनी हात झटकला.

तिन्ही सीडी एकामागून एक घरघरत चालल्या. मशीन पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. त्यांचा अर्थ एवढाच होता, की पडदा सापडत नाही. आणि ते लिहिलेलं होतं पडद्यावरच. एसटीडी बूथवरून मी मामेभावाला फोन केला. त्याने सांगितलं की डिस्प्लेची सगळी माहिती एका फाइलमध्ये असते. तिथे ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरचं नाव चुकीचं पडलंय, ते काढ आणि कुठल्याही कार्डावर चालणारा साधा ड्रायव्हर लिही. मी ते कागदावर अक्षर न् अक्षर उतरवून आणलं.

माउस चालत नव्हता. बाणाच्या बटणांनी ओळ न् ओळ खाली जायचं, आणि ती बटणंही अजून चिकटच. ड्रायव्हर बदलला तर चित्र आलं, पण पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं, आणि पाण्यातून पाहावं तसं हलणारं. पडद्याचे आकडे लिहिताना एक अवतरणचिन्ह राहिलं, तर पुन्हा सगळं काळं. त्या फाइलचा मला इतका वीट आला की डबा उघडला तरी तिच्याच ओळी दिसायच्या. तीन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी रिझोल्यूशनचा आकडा बराबर बसला आणि कडेपासून कडेपर्यंत निळा, स्थिर पडदा उघडला. त्यावर काहीच नव्हतं. मी मावशींना बोलावून तो रिकामा पडदा दाखवला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, ह्याच्यात माझं एक फोल्डर होतं."

सगळं पुसलं, तुम्हाला विचारूनच पुसलं, असं मी सांगितलं. ते जरा खाली वाकले. तोच वास आला.

"त्यातले फोटो पाह्यले का तुम्ही?"

ते हसत होते. व्हायरस कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं, आणि फोटो पाहिले हे माझ्या तोंडून ऐकायला हा माणूस मुद्दाम माझ्यापाशी आला होता हेही.

"पाह्यले," मी म्हणाले. "गोडाऊनच्या माणसांनीबी पाह्यले. मंग पुसले."

त्यांचं हसू गेलं. मावशींचा बी मोजणारा हात थांबला होता.

आठवडाभरात मालकांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं. मी कंपनीचं मशीन बिघडवलं, असं त्यांच्या कानावर घातलं गेलं होतं. मी अहवाल उघडून दाखवले. प्रिंट बराबर येते का, एवढंच त्यांनी विचारलं. येते म्हटल्यावर, राहू द्या मंग, म्हणाले. का पुसलं हे त्यांनी विचारलं नाही. मॅनेजर तिथेच उभे होते, आणि मीही सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "सांगायचं होतं मालकाला. उद्या तुम्ही गेल्या तं ह्या खुर्चीवर दुसरी पोरगी बसंल."

मी लॅपटॉप टेबलावर नेऊन ठेवला. लॅपटॉपची किळस स्पिरिटने तरी गेली होती. त्या दिवशी मला आली ती माझीच.

दोन वर्षांनी मी नोकरी सोडली. माझ्या जागी वडीगोद्रीकडची एक मुलगी आली. तिला मी लिनक्स कसं सुरू करायचं, अहवाल कुठे ठेवायचे, डिस्प्ले गेला तर कुठली ओळ बघायची, हे सगळं वहीत लिहून दिलं. त्या माणसाबद्दलही सांगितलं. पण ते शेवटच्या दिवशी, फाटकापाशी, टेम्पो सुटायला आला असताना. तिला त्यातलं किती ऐकू आलं, मला माहीत नाही.