बोल्टाखालचा रंग

योकोहामाचं पोस्टिंग अठरा महिन्यांचं होतं. पोस्टिंग हा माझा शब्द. कंपनीच्या कागदावर 'ऑनसाइट असाइनमेंट' होतं. दोन हजार सालानंतर पुण्यातून जपानला सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली, त्यात मीही गेलो. बाकीचे माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी शॉर्ट सर्व्हिस करून सैन्याच्या वर्कशॉपमधून कॅप्टन म्हणून बाहेर पडलेला. काम इंजिन कंट्रोलचं सॉफ्टवेअर तपासण्याचं. ६:५० ची ट्रेन, ८:३० ला सगळ्या ऑफिसचा उभ्याने व्यायाम. आमची पोरं त्याला हसायची. मला बरं वाटायचं. पीटी चुकली नाही.

टेस्टिंग विभागातले मोरिता-सान निवृत्तीला आलेले. मला 'कॅप्टन-सान' म्हणायचे. वडिलांच्या जुन्या पिकअपमधलं कार्ब्युरेटरचं इंजिन काढून ते फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवत होते. तीन शनिवार झाले, गाडी चालू होईना.

"कॅप्टन-सान, सॅटर्डे, प्लीज. इंजिन नो स्टार्ट."

मी हो म्हणालो आणि लगेच पस्तावलो. असल्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

कारण सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी चौदा हजार फुटांवर वर्कशॉपच्या एका छोट्या तुकडीचा प्रमुख होतो. वय सव्वीस. विरळ हवेत कार्ब्युरेटरच्या जीपा रडायच्या, म्हणून ट्रायलसाठी एका जीपला आम्ही इंजेक्शनचं इंजिन बसवलं. बसवणारे हवालदार शिंदे. साताऱ्याकडचे, हात सोन्याचा. ती जीप अँब्युलन्स म्हणून ठेवली होती. गुरुवारी ब्रिगेडचं इन्स्पेक्शन होतं. बुधवारी मी ऑर्डर दिली की तिची चॅसी रंगवा, उद्या चकाकली पाहिजे. रंगासाठी वायरी सोडल्या, रात्रीत पुन्हा जोडल्या. इन्स्पेक्शनला जीप ढकलत रांगेत लावली, टायरला मारलेला पांढरा पट्टा खराब होऊ नये म्हणून. ती सुरू करून कुणी पाहिली नाही. मीही नाही.

शुक्रवारी १३:४० ला वरच्या पोस्टवरून नाईक घाडगेला खाली आणलं. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन तासांत तीन हजार फूट खाली न्या. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. बाकीच्या गाड्या रेशन आणायला गेल्या होत्या. १४:१० ला घाडगेला जीपमध्ये ठेवलं. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही.

रेडिओवर खालचं हॉस्पिटल विचारत होतं, "गाडी निघाली का? ओव्हर."

"निगेटिव्ह. ओव्हर."

बॅटरी चांगली होती. पंपाचा आवाज येत होता. उतारावरून ढकलूनही पाहिली, ढिम्म. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, थंडीने पेट्रोलमध्ये पाणी झालंय.

शिंदे म्हणाले, "साहेब, अर्थिंगची वायर बघू का? रंगवताना सोडली हुती."

"नको. फिल्टर उघडा."

फिल्टर स्वच्छ होता. मग मी पेट्रोलचा पाइपही उघडायला लावला. १५:०५ ला चौघांनी स्ट्रेचर उचललं. १५:५० ला वाटेतच घाडगे गेला. तेवीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी जीप सुरू झाली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीने लिहिलं: अति थंडी, इंधनात पाणी, कुणाचाही दोष नाही. मी सही केली. शिंदे माझ्याशेजारी सावधानमध्ये उभे होते. त्यानंतर कित्येक वर्षं बायको गाडीला किल्ली लावायची तेव्हा इंजिन पेटेपर्यंत मी श्वास धरून बसायचो. तिला कधी सांगितलं नाही.

शनिवारी दहाला मोरिता-सानच्या शेडमध्ये पोचलो. पिकअप नव्या नवरीसारखी रंगवलेली. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. तोच आवाज.

या वेळी घाई केली नाही. फ्यूज, पंप, पेट्रोलचं प्रेशर, सगळं ठीक. प्लगला स्पार्क नव्हता. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या कॉम्प्युटरच्या अर्थिंगला. मोरिता-सानना सेल्फ मारायला सांगितलं. काटा शून्यापाशी राहायला हवा होता. चार व्होल्टच्या वर गेला. कॉम्प्युटरचं अर्थिंग चॅसीतून होतं, आणि चॅसीवरचा त्याचा बोल्ट कोऱ्या रंगावर आवळला होता; रंगातून वीज जात नाही. सेल्फला बॅटरीची जाड तार थेट होती, म्हणून इंजिन नुसतं फिरत होतं. कॉम्प्युटर उपाशी.

पॉलिश पेपरने बोल्टाखालचा रंग घासला. दोन मिनिटांचं काम. इंजिन पहिल्या सेल्फला पेटलं.

"पेंट!" मोरिता-सान कपाळावर हात मारून हसले. "माय मिस्टेक, कॅप्टन-सान!"

किती सहज म्हणाले. मी टूलबॉक्सवर बसलो. त्यांनी गरम चहाचा कॅन हातात दिला.

त्याच दुपारी स्टेशनजवळच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, फोनकार्ड घेतलं. जुन्या युनिटमधल्या एकाकडून शिंद्यांचा नंबर मिळवला. ते रिटायर होऊन गावी होते.

"शिंदे, ती जीप. अर्थिंगच होतं. रंग माझ्या ऑर्डरने लागला. तुम्ही विचारलं तेव्हा नको मीच म्हणालो."

"मला म्हाईत हुतं, साहेब. दुसऱ्या दिशी सकाळी म्याच त्यो बोल्ट घासला. एका सेल्फात चालू झाली."

"मग इन्क्वायरीत बोलला का नाहीत?"

"सव्वीस वर्साचं पोर तुम्ही. चार दिस जेवला न्हाईत. आन् बोलून घाडग्या परत येणार हुता का?"

मला रडू फुटलं. बूथच्या काचेबाहेर लोक रांगेत उभे होते. मी म्हणालो, "मी सुट्टी टाकून येतो. आपण दोघं त्याच्या आईकडे जाऊ. तिला खरं सांगू."

"आई दोन वर्सामागं गेली, साहेब. तुमचं पत्र तिनं पार शेवटपातुर जपलं हुतं. कुणी आलं की वाचायला लावायची. म्या गेलो की मलाबी."

ते पत्र मी इन्क्वायरीनंतर लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: तुमच्या मुलाला वाचवण्यासाठी शक्य होतं ते सगळं आम्ही केलं.

नाईक घाडगे आजाराने गेला, असं त्याच्या कागदांत आहे. त्याची आई तेच खरं मानून गेली. ते खरं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मी नको म्हणालो.