चौकातून फिरणारा आवाज

आमचे रिसबूड भाऊजी बोलायला लागले की समोरच्यानं घड्याळ बघायचं सोडून द्यावं. लक्ष्मीकांत रिसबूड, मूळचे राजापूरकडचे, बँकेत ऑफिसर, आणि लखनौच्या विकास नगरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. मी विनीता, शेजारीण. माझ्या नाकावर राग असतो असं सगळी कॉलनी म्हणते, म्हणू दे. पण भाऊजींच्या बोलण्याचा मला कधी कंटाळा आला नाही. साधी सब्जी आणायला गेले तरी भेंडीवाल्या भैयाची सात पिढ्यांची हकिगत घेऊन यायचे, आणि भेंडी विसरायचे.

बोलायचे सगळ्यांशी, फक्त बायकोशी नाही. म्हणजे भांडण वगैरे काही नव्हतं. नयनाशी बोलायचं म्हणजे "अगं, चहा", "अगं, टॉवेल", "अगं, चौघं आहेत जेवायला". उभ्या जन्मात तिला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. आमच्या पिढीत बऱ्याच घरी असंच होतं, त्यामुळे तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही. नयनाला वाटायचं. पण ती ते पोळ्या लाटता लाटता मला सांगायची, त्यांना नाही.

पाहुणे तर घरात कायमचेच. गावाकडून काशीला निघालेला प्रत्येक जण चारबाग स्टेशनवर उतरायचा आणि दोन दिवस रिसबुडांकडे टेकायचा. भाऊजींची ब्रँच चौकात होती. चौक म्हणजे तिथला जुना बाजार, गोल दरवाजापासून अकबरी गेटपर्यंत सरळ गेलेली गल्ली आणि तिला फुटलेल्या गल्ल्याच गल्ल्या. भाऊजी रजा टाकून पाहुण्यांना तिथं फिरवायचे. मग एक नवा मॅनेजर आला आणि त्यानं रजा द्यायचं बंद केलं. एक्क्याण्णव सालची गोष्ट. त्याच सुमारास नयनाच्या भावानं मस्कतहून एक वॉकमन आणला होता, त्यात आवाज भरायचीही सोय होती. झालं! भाऊजींनी ठरवलं, आपण नाही तर आपला आवाज पाहुण्यांना फिरवील.

मी म्हटलं, घरात बसून बोला की. छे! घरात बसून बोलले तर ते रिसबूड कसले. रविवारी सकाळी चौकात गेले आणि वॉकमन तोंडाशी धरून चालत चालत बोलले. बोलून झालं की मशीन चालूच ठेवायचे. "मंडळी, आता मी जरा गप्प बसतो. तुम्ही बघा आणि चाला." त्या मोकळ्या जागेत चांदीचा वर्ख कुटणाऱ्यांच्या हातोड्या ऐकू यायच्या, रिक्षाची घंटी, कुणाचं तरी खोकणं, आणि भाऊजींच्या चपला. मग पुन्हा आवाज: "बघितलंत? चला, पुढे." इथे कुठल्या नवाबाच्या दारी पालखी थांबायची, तिथे अत्तर घेताना हातावर कुठे लावून बघायचं, फूलवाली गली कुठे वळते, सगळं त्यात. गुडघे दुखणाऱ्यांनी कुठल्या ओट्यावर टेकायचं तेसुद्धा. पाहुणा आला की गळ्यात वॉकमन, कानाला हेडफोन, आणि रवाना. दोन-तीन वर्षांत दुकानदारांनाही सवय झाली. कानात काहीतरी घालून चालणारा माणूस दिसला की म्हणायचे, रिसबूड साहेबांकडचा आहे.

चौऱ्याण्णवमध्ये भाऊजींचा घसा बसला आणि उठलाच नाही. सिगरेटी काय कमी ओढल्या होत्या का! तपासण्या झाल्या, नको ते निघालं, आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी हॉस्पिटलात होतो. मुलगी, हिमानी, दिल्लीला होस्टेलवर, ती संध्याकाळी येणार होती. नयना नुसती पदराशी चाळा करत बसलेली. शेवटी मीच बोलले. म्हटलं, भाऊजी, उद्यापासून आवाज नाही तुम्हाला, नयनासाठी काहीतरी बोलून ठेवा. त्यांनी मान हलवली, पिशवीतून वॉकमन मागितला आणि आम्हाला दोघींना बाहेर जायला सांगितलं.

व्हरांड्यात नयना उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. पन्नाशीची बाई, पण दाखवायचा कार्यक्रम संपून निरोपाची वाट बघणाऱ्या मुलीसारखी उभी होती. दार किलकिलं होतं, पुटपुट ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी बोलावलं. मी आगाऊपणानं विचारलं, काय बोललात? घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "फिरायच्या कॅसेटचा शेवट चुकला होता. तेवढा दुरुस्त केला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुण्यांची कॅसेट! नयनानं पेल्यात पाणी ओतून दिलं, उशी सारखी केली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. नंतर घरी मला म्हणाली, त्या कॅसेटला मी मेले तरी हात लावणार नाही. आणि ती हट्टाची पक्की होती.

पुढे भाऊजी हिमानीच्या लहानपणीच्या पाटीवर लिहून बोलायला लागले. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. पाटीवर काय, "चहा". "टॉवेल". "चौघं जेवायला". 'अगं' तेवढं गळालं. पाहुणे मात्र येतच राहिले आणि कॅसेट फिरतच राहिली.

एकदा एका पाहुण्यानं जायच्या आधी म्हणून ती बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टेपरेकॉर्डरवर लावली. नयना स्वयंपाकघरात होती. अचानक बाहेरून नवऱ्याचा आवाज, ठणठणीत, हसरा. ती लाटण्यासकट धावत आली. बघते तर भाऊजी खुर्चीत बसलेले, तोंड मिटलेलं, आणि आवाज समोरून येतोय. दोघांची नजरानजर झाली. नंतर माझ्याकडे येऊन बसली, लाटणं अजून हातातच. म्हणाली, "विनीता, मला वाटलं मी विधवा झाले आणि हा कोणी दुसराच येऊन बसलाय." मी तिला चहा करून दिला. दुसरं काय करणार.

तेव्हापासून त्या घरात मला एकटीला बसवेना. आवाज कधी कुठून येईल नेम नाही, असं उगीच वाटायचं. आणि मग चौकात मी जे बघितलं! चिकनकामाची साडी घ्यायला गेले होते. समोरून एक पाहुणं जोडपं गेलं, नवऱ्याच्या कानात हेडफोन. त्यांच्या मागे, जरा अंतर ठेवून, रिसबूड भाऊजी. पाहुणा थांबला की हे थांबायचे. पाहुणा हसला की हे लाजल्यासारखे खाली बघायचे, कारण तिथे कुठला विनोद केला होता ते त्यांना पाठ. मोकळी जागा संपली की ओठ हलायचे, "बघितलंत? चला, पुढे." साडीवाला मला म्हणाला, "बहनजी, साहब की आवाज़ आगे निकल गई है, साहब पीछे-पीछे जा रहे हैं." मी साडी न घेताच परत आले.

नयनाला हे सांगितलं तर म्हणाली, जाऊ देत, तिथे तरी त्यांचं कुणी ऐकतंय. पण तिला झोप नव्हती, मला माहीत होतं. तिला त्या आवाजात एकच शब्द हवा होता, स्वतःसाठी. आणि आवाज होता फक्त त्या कॅसेटमध्ये, मंडळी मंडळी करणारा. मी म्हटलं, निदान दुसरी कॅसेट भरून ठेव, झिजली तर? ती म्हणाली, "काय करू? तेच दोनदा ऐकू?"

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सांगलीचे एक पाहुणे फितीचा गुंता बाहेर आलेली कॅसेट घेऊन आले. मशीननं फीत खाल्ली होती. मी पेन्सिल घालून ती हळूहळू परत गुंडाळली. लावून बघितली तर भाऊजींचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, मध्येच जाड, मध्येच बारीक. भाऊजी उठून बाहेर गेले. नयना ऐकत उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आली, शाल गुंडाळून. म्हणाली, "चल माझ्याबरोबर. आवाज पुरता जायच्या आधी एकदा ऐकते. निदान काय दुरुस्त केलं ते तरी कळू दे."

इतकी वर्षं लखनौत काढली, पण ही बाई चौकात कधी फिरली नव्हती. पाहुणे फिरायचे तेव्हा ती स्वयंपाक करायची.

धुकं असं की गोल दरवाजा जवळ गेल्यावर दिसला. तिनं हेडफोन लावले, बटण दाबलं आणि चालायला लागली. मी बरोबर. तिच्या कानात काय चाललंय मला ऐकू येत नव्हतं, पण ती बघत होती त्यावरून कळायचं. वर बघितलं, मी वर बघितलं. ती वळली, मी वळले. फूलवाली गलीपाशी तिनं खरोखरच वाकून वास घेतला. आणि मागे बघितलं तर धुक्यात एक पांढरं फडकं. भाऊजी. पाहुण्यांच्या मागे जायचे तसेच आमच्या मागे. नयनाला सांगावं का, मला कळेना. मी तशीच चालत राहिले.

कानाला हेडफोन असला की माणूस ओरडून बोलतो. मोकळी जागा आली तशी नयना मोठ्यांदा म्हणाली, "चला म्हणे! लग्न झाल्यापासून पुढेच चालताय." मला हसू फुटलं. पुढच्या मोकळ्या जागेत आणखी काही. गुडघ्यांचं. हिमानीच्या वेळी बाळंतपणात एकटी होते त्याचं. पाहुण्यांच्या अंथरुणांचं. आवाज बोलायला लागला की थांबायची, तो थांबला की ही सुरू. मराठी, तेही इतकं जोरात, अत्तरवाले माना वर करून बघत होते. अकबरी गेट दिसायला लागलं तेव्हा ती उभी राहिली आणि ओरडलीच, "त्या दिवशी माझ्यासाठी एक शब्द सुचला नाही तुम्हाला?"

मागे भाऊजी जागच्या जागी थांबले. त्यांना सगळं ऐकू जात होतं. मला रडू यायला लागलं, आणि रागही, कुणावर ते सांगता येणार नाही.

गेटाखाली नयनानं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. मग तिनं हेडफोन काढला, फीत मागे नेली आणि तो माझ्या कानाला लावला.

हॉस्पिटलातला आवाज. घोगरा, दमलेला, फीत खाल्ल्यामुळे हेलकावणारा. "मंडळी, फिरणं संपलं. आता रिक्षा करा आणि सरळ घरी जा. वाटेत काही खाऊ नका. घरी नयना जेवायची थांबली असेल. तुम्ही जेवल्याशिवाय ती घास घेत नाही. आधी तू बस, असं मी तिला कधी म्हटलं नाही. सवयच नव्हती. उद्यापासून म्हणता यायचं नाही. तर तुम्ही म्हणा. ती नाही म्हणेल. परत म्हणा. मी सांगितलं असं मात्र सांगू नका, चिडेल."

मी नयनाकडे बघितलं. ती म्हणाली, दोन वर्षं झाली, जो तो आल्या आल्या मला आधी बसा, आधी बसा करतोय. एकीच्या तर मी अंगावर ओरडले, आमच्यात तशी पद्धत नाही म्हणून. एवढं बोलली आणि वळली, आणि मागे भाऊजी दिसले.

मला वाटलं आता विरघळेल. कसची! ताडताड चालत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मुलखाला सांगितलंत," ती म्हणाली. "मी व्हरांड्यात उभी होते."

पाटी घरी राहिली होती. भाऊजींचे ओठ हलले, पण काय म्हणाले ते मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं. मग त्यांनी तिच्या शालीचं टोक धरलं आणि तिला कोपऱ्यावरच्या पुरीवाल्याकडे नेलं. बाकावर बसवलं. पुरी-सब्जीची एक प्लेट आली, ती तिच्यापुढे सरकवली. तिनं सवयीनं ती त्यांच्याकडे ढकलली. त्यांनी परत तिच्याकडे ढकलली.

वॉकमन मी बंद करायचा विसरले होते. हेडफोन टेबलावर पडला होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. दुरुस्ती छोटी होती, ती आणि तिच्यामागची मोकळी जागा संपून जुना शेवट लागला होता, एक्क्याण्णव सालचा, तो ठणठणीत, हसरा आवाज: "...आणि हो मंडळी, घरी जायची घाई करू नका. जेवण काय, ते तयारच असतं."

भाऊजींनी हात लांब करून आपला आवाज बंद केला. नयनानं पुरीचा तुकडा मोडला आणि त्यांच्या आधी खाल्ला.