पिंजाऱ्याच्या कमानीवरची बालवाडी

जालन्याच्या धान्याच्या मोंढ्यात मी हर्रास, म्हणजे लिलाव, बोलतो. मालाच्या ढिगाशी उभं राहून भाव पुकारायचा, व्यापाऱ्यांच्या बोटांकडे बघत तो चढवत न्यायचा आणि मध्ये दम खायलाही थांबायचं नाही. लोक म्हणतात, या गयासोद्दीनच्या जिभेला वंगण घातलंय. घातलंय हे खरं. कुणी घातलं ते मात्र कधी सांगितलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

पाच वर्षांचा होईपर्यंत मला एक शब्द धड बोलता येत नव्हता. मुका नव्हतो. शब्द तोंडात तयार असायचा, पण पहिल्याच अक्षरावर चिखलातल्या बैलगाडीसारखा रुतायचा. पाणी मागायचं तर प-प-प करत मान वर जायची, डोळे मिटायचे, आणि तोवर अम्मी तांब्या घेऊन आलेली असायची. घरात आम्ही उर्दू बोलायचो, गल्लीत मराठी. मी दोन्हींत सारखाच अडखळायचो, पक्षपात केला नाही.

माझे अब्बा पाशामियाँ तीर्थपुरीचे पिंजारी. कापूस पिंजायची भलीमोठी कमान खांद्यावर टाकून शहागडपर्यंतची गावं फिरायचे आणि लोकांच्या गाद्या-रजया नव्या करून द्यायचे. माझ्याबद्दल त्यांचं ठरलेलं होतं. अम्मीला म्हणायचे, "इस्कूल में नाम पूछेंगे तो क्या बोलेगा ये? सब हसेंगे. मेरे साथ फिरेगा. कमान बोलेगी, इसको बोलना नै पडता." अम्मीचं नाव मैमूना. ती नवऱ्यासमोर हुज्जत घालायची नाही, आपल्याला हवं ते गुपचूप करायची. तिनं मला बालवाडीत नेऊन बसवलं आणि अब्बांना सांगितलं, "सुकडी तो खाएगा."

हे चौऱ्याहत्तर सालचं. दुष्काळ सरला होता, पण दुष्काळात सरकारनं सुरू केलेली सुकडी, पोरांचा तो गोड पौष्टिक खाऊ, बालवाडीत अजून मिळत होती. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत बालवाडी भरायची आणि सुकडीच्या वासावर पोरं बरोबर गोळा व्हायची. शिकवायला गिरिजाबाई. सातवी शिकलेल्या, सासर सोडून माहेरी आलेल्या, अंगानं काटकुळ्या. औरंगाबादला बालवाडीचं ट्रेनिंग करून आल्या होत्या. ट्रेनिंगमध्ये त्यांना बाजाची पेटी दाखवली होती, दिली नव्हती.

बाईंचा गळा, खोटं कशाला बोलू, कावळ्यानं हेवा करावा असा होता. पण तालाला एकदम पक्क्या. हात धुवायचे ते तालावर, रांगेत चालायचं ते तालावर, नाक शिंकरायचं तेही एक-दोन-तीनवर. डबीत ज्वारीचे दाणे घालून खुळखुळे केले होते, करवंट्या घासून टाळ केले होते. कुणी त्यांच्या गळ्याची थट्टा केली तर स्वतःच आधी हसायच्या आणि म्हणायच्या, "सूर माझ्याकडं न्हाई, मान्य. ताल मात्र सगळ्यांकडं हाय. छातीला हात लावून बघा, तिथं चालूच असतो."

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं आणि माझी गाडी 'ग'वर रुतली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाई कुणावर ओरडल्या नाहीत. "थांबा रे," म्हणाल्या, "याचं नाव मोठं हाय. मोठ्या नावाला वेळ लागतो." एवढं बोलून त्या शांतपणे वाट बघत बसल्या. माझी अशी वाट आजवर कुणी बघितली नव्हती. नाव काही त्या दिवशी आलं नाही, पण त्या बाईवर माझा जीव जडला.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी बाई आमच्या दारात हजर. "पाशाभाई, पोरगं मुकं न्हाई तुमचं. बोलताना अडतंय, पण सगळ्यांच्या टाळीवर गाऊन राह्यलंय, तवा बिलकुल अडत न्हाई. मला पुढच्या जूनपर्यंत द्या त्याला."

अब्बांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "ठीक आहे. जूनमधी शाळेत मास्तरला सोताचं नाव सांगितलं तर शाळा. न्हाई तर कमान." मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. मला शाळा हवी होती. पोरं पाटी-दप्तर घेऊन आमच्या दारावरून जायची आणि मी मोजून त्यांच्याएवढाच उंच होतो.

अडचण टाळीची होती. एवढ्या पोरांच्या टाळ्या कढईतल्या लाह्यांसारख्या उडायच्या, कुणाची आधी, कुणाची मग. मोठा, सारखा ठोका पाहिजे होता, म्हणजे मला त्याला धरून बोलता आलं असतं. बाई हे अब्बांजवळ बोलून गेल्या, आणि अब्बांच्या डोक्यात एक भलतीच कल्पना आली.

बाजाराच्या दिवशी त्यांनी टॉवेलात काहीतरी गुंडाळून काखेत मारलं आणि माझं बोट धरून बाईंच्या घरी गेले. ओट्यावर बाईंचे वडील तातेराव आबा बाज विणत बसले होते. अब्बांनी ऐटीत टॉवेल सोडला. आत कोरी करकरीत हलगी. "आबा, तुमच्या हलगीचं पंचक्रोशीत नाव होतं. मी लहानपणी ऐकल्ती. आता माझ्या पोरासाठी एकदा हातात घ्या. मेहनताना बराबर देतो."

आबांचा हात सुंभावरच थांबला. ते उठले, धोतर झटकलं आणि घरात निघून गेले. अब्बा हलगी धरून तसेच उभे. आपलं काय चुकलं हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

बाई बाहेर आल्या. "पाशाभाई, तुमी चांगल्या मनानं आणली, मला म्हाईत हाय. पण ही या घरात येत न्हाई. आबानं हौस म्हणून कधी वाजवली न्हाई. बोलावणं आलं की जायाचं. लगीन असो, मयत असो, अंगात ताप असो. वाजवून झालं की गावाबाहेर उकिरड्याजवळ बसायचं, अन् भाकर वरून टाकायचे. छप्पन साली धम्म घेतला, तवा आबानं हलगी परसात पुरली. मी बघितलंय."

"मैं तो धंदे की चीज समझा, बहन," अब्बा पुटपुटले. "जैसी मेरी कमान."

"तुमच्या कमानीला कुणी उकिरड्यावर बसवलं न्हाई, भाऊ."

बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, पण अब्बांची मान खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही. त्या हलगीचं पुढे काय केलं ठाऊक नाही, आमच्या घरात ती पुन्हा दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते बालवाडीच्या दारात उभे. खांद्यावर कमान. ती खाली उतरवून त्यांनी अगदी हळू विचारलं, "हे चालंल का?"

बाईंनी कमानीच्या ताणलेल्या दोरीला बोट लावून बघितलं. "चालंल? हे तर पळंल!"

पावसाळ्यात गाद्या कोण पिंजून घेतो? अब्बांना कामच नव्हतं. कमान आढ्याला टांगली, अब्बा खाली मांडी घालून बसले आणि लाकडी मुठीनं ठोका द्यायला लागले. ठँय... ठँय... असा आवाज खोलीभर घुमायचा. पोरं त्यावर नाचायची, बसायची, उठायची. अब्बांना धंद्याची घाई अंगात मुरलेली, त्यामुळे बाई सारख्या दटावायच्या, "पाशाभाई, हळू. जल्दी कशाची? पोरांचे पाय लहान हाईत." माझ्या दाढीवाल्या बापाला कुणी शिकवतंय याची मला फार मजा वाटायची. बाईंनी गाणंही जुळवलं:

ढग पिंजला कुणी कुणी?
पाशाभाईच्या कमानीनी!
ढगाची गादी, ढगाची उशी,
वर झोपली मनीमावशी!

मग प्रत्येकानं ठोक्यावर आपलं नाव सांगायचं. एक दिवस माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून चार ठोक्यांवर चार तुकडे सरळ बाहेर पडले, ग-यासोद्-दी-न. अब्बांचा ठोका चुकला. जन्मभर कमान चालवलेल्या माणसाचा ठोका चुकला. डोळे पुसत म्हणाले, कापूस गेला. कमानीखाली त्या दिवशी कापूस नव्हता.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दसरा झाला, थंडी पडली आणि अब्बांचा हंगाम सुरू झाला. कमान गेली, तिच्यामागे माझं बोलणंही गेलं. पुन्हा प-प-प. मी रुसून कोपऱ्यात बसलो, सुकडीसुद्धा घेतली नाही.

बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "कमान गेली तर जाऊ दे. अंगठा हाय का तुझ्याजवळ? बोट हाय का? मंग वाजव." अंगठा बोटावर आपटून, मुठीच्या आत, कुणाला दिसणार नाही असा ठेका धरायला त्यांनी मला शिकवलं. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा. सुट्टीतही घरी बोलवायच्या. कधी चिडल्या नाहीत. रोज त्याच ठेक्यावर पाणी, भाकर, अम्मी, शाळा. बाईंसमोर मला जमायला लागलं. परका माणूस आला की अंगठा घामानं घसरायचा. किराणा दुकानदारानं "काय पाहिजे रं?" एवढंच विचारलं तर मी नुसता उभा.

तशातच जून आला आणि शाळेत नाव घालायची सकाळ उजाडली. अब्बा म्हणाले, "मेरे से देखा नै जाता," आणि घरामागं जाऊन बसले. अम्मी शाळेत जाणारी नव्हती. बाईंचीही बालवाडी त्याच सकाळी उघडायची होती, पोरं दारात येऊन थांबलेली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सोबत आलेल्या वडिलांना म्हणाल्या, "आबा, तुमी न्या याला."

हलगीच्या त्या दिवसापासून आबा आमच्या घरच्यांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. रस्ताभर ते पुढे, मी मागे. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.

शाळेत हेडमास्तर टेबलाशी बसून नावं लिहीत होते. माझा नंबर आला. "नाव?"

मी मुठीत अंगठा हलवला. घसरला. "ग... ग... ग..." मागच्या रांगेत खसखस पिकली. हेडमास्तरांनी टाक वर धरला आणि आबांकडे बघितलं. "याला येत नाही. तुम्हीच सांगा."

"सांगंल त्यो," आबा म्हणाले. "थांबा जरा, मास्तर."

आणि माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी पडायला लागलं. आधी दोन बोटं, मग तळवा. दोन बोटं, मग तळवा. आवाज कुणाला आला नसेल, मला तो हाडातून ऐकू येत होता. बाईंचा ठेका मला पाठ होता. हा तोच होता, फक्त खूप जुना आणि खूप पक्का. बाईंनी तो ट्रेनिंगमध्ये उचलला असं मी समजत होतो. त्या याच हातांजवळ लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

"गयासोद्दीन पाशामियाँ पिंजारी, मुक्काम तीर्थपुरी," मी म्हणालो.

"मुक्काम विचारला नव्हता अजून," हेडमास्तर म्हणाले आणि लिहायला लागले.

परत येताना मी पुढे पळत होतो, आबा मागे. बालवाडीच्या दारातच मी बाईंना पूर्ण नाव ऐकवलं, मुक्कामासकट. बाईंनी मला पोटाशी धरलं. मग आबांकडे बघितलं.

"आबा, काय केलं तुमी?"

"मी काय करायचंय? पोरगं थरथर कापून राह्यलं होतं. जरा थोपटलं."

"थोपटल्यावर पोरं झोपत्यात, आबा. हे बोलाय लागलं."

आबांनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि उंबऱ्यावर बसले. आत पोरांनी ढगाचं गाणं सुरू केलं. आबांची बोटं हलायला लागली तसे त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घालून दाबून धरले आणि गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले. मी त्यांच्या शेजारी बसलो. कुणी नाव विचारलं असतं तर सांगायला तयार होतो.

आज बाई नाहीत, आबा नाहीत, अब्बाही नाहीत. बाईंनी माझी वाट बघितली नसती तर मी आज कुणाच्या तरी मागे मुकाट्यानं कमान वाहत हिंडलो असतो. एवढी माया मला का मिळाली हे मला अजून कळलेलं नाही. मोंढ्यात रोज पहिला ढीग उघडण्याआधी मी बिस्मिल्ला म्हणतो, बाईंना आणि आबांना मनातल्या मनात जयभीम घालतो आणि पाठीत तो ठेका सुरू होईपर्यंत थांबतो. व्यापारी घाई करतात. मी म्हणतो, थांबा जरा. मग तोंड उघडतो.