सिनेमातल्या गाडीचं माप

चुडामण मिस्त्री ट्रकच्या बॉड्या बांधायचा. मूळचा पारोळ्याकडचा, राहायला पिंप्राळ्यात, आणि हायवेला लागून त्याचं पत्र्याचं शेड. सागाचा सांगाडा उभा करायचा, वर पत्रा ठोकायचा, कडेला फळ्या लावायच्या, झाली बॉडी. केळीवाला ट्रकमालक यायचा, बुटाने फळी ठोकून बघायचा आणि विचारायचा, "माल किती बसेल?" त्याच्या मापाला कधी कोणी नाव ठेवलं नाही आणि कधी कोणी त्याचं कौतुकही केलं नाही. मिस्त्रीला या दोन्ही गोष्टींचा सारखाच राग यायचा. माणूस तसा नाकावर माशी बसू न देणारा. अर्धा इंच इकडेतिकडे झालेली बॉडी रस्त्यावरून जाताना दिसली, मग ती दुसऱ्या कोणाच्या शेडमधली का असेना, तरी त्याचं जेवण बिघडायचं.

नव्वद सालच्या दिवाळीनंतर यावलकडचे तोताराम पाटील पोराला घेऊन शेडमध्ये आले. केळीच्या बागांचे मालक, शब्दाला वजन असलेला माणूस. पोराचं, लीलाधरचं, लग्न ठरलं होतं आणि पोराच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. त्या साली एका सिनेमात हिरोची एक काळी गाडी गाजत होती. नाकाकडे उतरती, बसकी, जमिनीला पोट टेकेल की काय अशी. लीलाधरला मांडवात जायचं होतं ते त्याच गाडीतून.

"अशी गाडी कुठी मिळत नाही म्हणतात," तोतारामभाऊ म्हणाले. "तुले बांधता येईन का?"

"दिसायला तशी पाहिजे का तश्शीच पाहिजे?" मिस्त्रीने विचारलं.

"तश्शीच!" लीलाधर म्हणाला.

झालं! मिस्त्रीला आयुष्यभर हाच शब्द ऐकायचा होता. सिनेमा पाठ असलेल्या माणसानेही बोट ठेवू नये अशी एक तरी वस्तू आपल्या हातून व्हावी आणि ती चार लोकांनी बघावी, एवढंच त्याला हवं होतं. बाकी लग्न, वरात, पाटलांचा मोठेपणा याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं.

पण माप आणायचं कुठून? गाडी मुंबईत, तीही असली तर असली. मिस्त्रीने व्हिडिओ आणि कॅसेट भाड्याने आणली. हिरो गाडीला टेकून उभा राहतो तिथे चित्र थांबवायचं आणि पडद्याला पट्टी लावायची. थांबवलेलं चित्र थरथरायचं, मिस्त्री व्हिडिओला शिव्या द्यायचा. घरात स्वयंपाक सोडून सगळे त्या एका जागेवर अडकलेले.

"त्या हिरोचीच उंची धरा ना," त्याची बायको सुगंधाबाई म्हणाली. "सहा फूट तर असेलच."

"कोणी सांगितलं? बुटाच्या टाचा बघ. खाली फळकुटं ठेवून उभे करतात यांना. हिरो मापाला धरायचा नाही."

"मग नटीला धरा," सुगंधाबाई म्हणाली आणि उठून भाकरी थापायला गेली.

मिस्त्रीला हसू आलं नाही. मापाच्या गोष्टीत त्याला हसू येतच नसे. दुसऱ्या दिवशी त्याने टॉकीजच्या मॅनेजरच्या मागे लागून दाराशी लावलेले सिनेमाचे फोटो मिळवले. फोटो थरथरत नाही, हे बरं. ते समोर मांडून तो बसला आणि बघता बघता त्याचा डोळा चाकावर गेला. अरेच्चा! चाक तर ओळखीचं. ॲम्बेसेडरचं चाक! वर तबकडी बदललेली, काळा रंग फासलेला, पण नट-बोल्टांची बैठक काही लपत नाही. म्हणजे मुंबईवाल्यांनीही जुन्या ॲम्बेसेडरवरच डबा चढवला होता. मिस्त्री इतका खूश झाला की त्याने शेडमधल्या सगळ्यांना चहा पाजला. चाकाचं माप तर कुठल्याही स्टँडवर उभ्या टॅक्सीचं घेता येतं. चाक कळलं की फोटोतली किती चाकं म्हणजे एक गाडी, एवढंच मोजायचं.

एवढंच! पण फोटोत गाडी तिरपी उभी. तिरप्या गाडीचं चाक गोल दिसत नाही, अंड्यासारखं दिसतं. चाक जेवढं चपटं दिसतं, तेवढीच गाडीची लांबीही आखडलेली असणार. मग उंची मोजायला चाकाची उंची धरायची आणि लांबी मोजायला त्याच चाकाची रुंदी. हे डोक्यात आल्यावर मिस्त्रीने आधी खात्री करून घेतली. शेडमधला ट्रक तिरपा उभा केला, फोटोग्राफर बोलावला, फोटोवरून ट्रकचं माप काढलं आणि मग खऱ्या ट्रकला टेप लावली. हातभर फरक! पार कपाळावर हात मारून घेतला त्याने. मग ध्यानात आलं, ट्रकचा लांबचा भाग मुळातच लहान दिसतो, म्हणून पुढच्या भागाला पुढचं चाक धरायचं आणि मागच्या भागाला मागचं. पुन्हा काढलं, तर फरक दोन बोटांवर आला. ती दोन बोटंही त्याला महिनाभर सलत राहिली.

तोतारामभाऊंनी एक मोडीत निघालेली ॲम्बेसेडर पाठवून दिली. मिस्त्रीने तिची कातडी सोलली आणि त्यावर सागाचा सांगाडा चढवला. येणारा जाणारा थांबायचा, सल्ला द्यायचा. एक जण म्हणाला, टप जरा वर घे, आत माणूस अवघडेल. मिस्त्री त्याच्यावर असा काही धावून गेला की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

लीलाधर बघायला आला तेव्हा मिस्त्रीने त्याला आत बसवलं. शर्ट-पँटमधला पोरगा पाय पसरून आरामात बसला, टपाखाली चार बोटं जागा उरली.

"बठ्ठं बरोबर शे," मिस्त्री म्हणाला. खुशीत आला की तो पारोळ्याचं बोलायचा, 'सगळं'चं 'बठ्ठं' आणि 'आहे'चं 'शे' व्हायचं. "अर्धा इंच बी इकडंतिकडं नही."

लग्नाच्या दिवशी नवरीच्या गावात गाडी शिरली आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. सिनेमा पाहिलेली पोरं गाडीभोवती गोल फिरून एकेक गोष्ट ताडून बघत होती आणि हरत होती. मिस्त्री धुतलेला सदरा घालून थोडा लांब उभा होता. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता आणि ते त्याने सुगंधाबाईला तिथेच सांगूनही टाकलं.

मारुतीच्या देवळातून लीलाधर बाहेर आला. डोक्याला फेटा, फेट्यावर बाशिंग. चांगलं हातभर उंच, झिरमिळ्यांचं, मामाने हौसेने आणलेलं. बँडवाल्यांनी सूर धरला, गाडीचं दार उघडलं, लीलाधर वाकला आणि बाशिंग टपाला धडकलं.

तिरपा होऊन बघितलं, आडवा होऊन बघितलं. आडवा झाला की नवरदेव दिसेना, सरळ झाला की बाशिंग मोडायला येई. फोटोतली गाडी ज्या हिरोसाठी बांधलेली होती, त्याचं त्या सिनेमात लग्नच लागलेलं नव्हतं.

"मांडवात जाईपर्यंत बाशिंग काढून हातात घ्या," मिस्त्री म्हणाला.

नवरदेवाची आजी बेबाबाई पुढे आली. "बांधलेलं बाशिंग अक्षता पडेपर्यंत सोडत नसतात! घरात पहिलं लग्न आहे माह्या. टोपडं काढा त्या गाडीचं."

मिस्त्रीने तोतारामभाऊंकडे पाहिलं. "भाऊ, टप काढला तर ती गाडी राहत नाही. दुसरी कोणतीही होते."

"मले गाडी नको सांगू, मिस्त्री," तोतारामभाऊ म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "मले मुहूर्त सांग."

गोरजाची वेळ टळायला आली होती. दोघे-तिघे पहार घेऊन धावले. तेव्हा मात्र मिस्त्री ओरडला, "हात लावू नका! कोणी हात लावायचा नाही!" आवाज फाटला त्याचा. त्याने गावच्या सुताराकडून करवत मागवली. खिशातला खडू काढला. चारही खांबांवर एका उंचीला रेघ मारली, टेप लावून पुन्हा तपासली. मागून लोक घाई करत होते, बँडवाला एकच धून घोळवत होता. मिस्त्री कापत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते भुशामुळे आहे असं कोणी समजलं नाही, कारण तो पुसतही नव्हता.

टप चौघांनी उचलून देवळाच्या भिंतीला टेकवला. लीलाधर गाडीत ताठ बसला, बाशिंग झळकलं आणि लोकांनी टाळ्यांचा जो काही गजर केला, तसा आधी झाला नव्हता. "आता शोभते गाडी!" असंच जो तो म्हणत होता.

पुढच्या लग्नसराईत मिस्त्रीकडे गाडीसाठी माणसं आली. सगळ्यांना हवी होती बिनटपाची, लीलाधर पाटलाची गाडी. सिनेमातली कोणी मागितली नाही. मिस्त्रीने त्या बांधून दिल्या, मुकाट्याने, अंदाजाने.

एकदा ट्रकच्या कामासाठी तो तोतारामभाऊंच्या मळ्यात गेला. भाऊ घरात होते, म्हणून तो गोठ्याकडे बसला. तिथे म्हशींपुढे त्याचा टप उलटा मांडलेला होता, आत पेंड कालवलेली. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून टेप काढली आणि म्हशीचं तोंड हाताने बाजूला सारून लांबी घेतली, मग रुंदी घेतली.

"मिस्त्री, काय करून राह्यला?" तोतारामभाऊंनी ओट्यावरून विचारलं.

"काही नही भाऊ," तो म्हणाला. "बरोबर शे."

आणि तो म्हशीला वाट करून बाजूला झाला.