शनिवारची सही

इंग्रजांच्या कोर्टांनी इथल्या माणसांच्या धर्माचं काय केलं, या एका प्रश्नावर आमच्या विभागप्रमुखांची उभी हयात गेली. सर त्यावर तासभर बोलतात आणि नेमक्या जागी आवाज कापरा करतात. मी त्यांच्याच हाताखाली शिकवते आणि त्यांची इतकी हुबेहूब नक्कल करते की एकदा आमचा शिपाई बाहेरून आवाज ऐकून चहा घेऊन आत आला.

तर हे सर एका शनिवारी, कॉलेजला सुट्टी म्हणून, खारघरहून माझ्या पनवेलच्या दारात हजर. जायचं होतं मावशींकडे. मावशी म्हणजे आमच्या आळीतल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, शेजारीण. मुलं इस्रायलला, त्या इथेच. त्यांच्या पेटीत पणजोबांच्या एका अर्जाची मोडीतली नक्कल आहे. पणजोबांचा तेलाचा घाणा होता, त्याच्या वाटणीचा दावा होता. कोर्टाने तारीख दिली शनिवारची. पणजोबा गेले, बोलले, पण जबानीवर सही करेनात. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, काम करायचं नसतं, लिहायचंही नसतं. साहेबाने दावा काढून टाकला. त्याविरुद्धचा हा अर्ज. तो वाचला मी आणि त्याचा मजकूर उतरवून सरांना दिलाही मीच.

सरांना तो विद्यापीठाच्या संग्रहात हवा होता. मावशींना तो घराबाहेर जाऊ द्यायचा नव्हता. फक्त फोटो काढू, असा शब्द मी त्यांना दिला होता.

मावशींनी आदल्या दिवशी करून ठेवलेलं कोकम सरबत दिलं, पेटी उघडून कागद दाखवला. सरांनी डोळे मिटून त्याचा वास घेतला आणि तो सरळ आपल्या फाईलमध्ये सरकवला. मग त्याच फाईलमधून छापील देणगीपत्र निघालं.

"आजी, इथे एक सही."

"आज नाही."

"अहो, एक सहीच तर आहे! त्याने काय बिघडतंय?"

माझं डोकं भणभणलं. अर्जात लिहिलंय, साहेबानेही हेच विचारलं होतं. त्या एका प्रश्नावर सरांनी आपल्या पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलंय!

"सर, आज शनिवार आहे."

"म्हणून तर आलो. सोमवारपासून परीक्षा आहेत."

आणि वर या माणसाने खिशातून शाईचं पॅड काढलं. "बरं, अंगठा चालेल."

त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. लहानपणी शुक्रवारी संध्याकाळी मावशी ओटीवर येऊन कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायच्या, "अंधार झाला गं." शब्बाथला दिवा लाव असं दुसऱ्याला सांगायचंही नसतं; त्या सांगायच्या नाहीत, पण मी धावत जाऊन बटण दाबायची. आणि तीच मी आज समोरचं आदल्या दिवशीचं सरबत पिऊनसुद्धा वार विसरले होते. या माणसाला इथवर आणलं होतं मीच.

मावशींनी भिंतीकडे पाहिलं. "पेटी उघडीच राहिली गं."

मी उठले. सरांच्या मांडीवरची फाईल उघडून कागद काढला.

"मॅडम, काय करताय? तुमच्या बढतीचा अहवाल मला लिहायचाय."

"सोमवारी लिहा, सर. आज शनिवार आहे."

कागद पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि कडी घातली. मावशी म्हणाल्या, "सरबत उरलंय."

सर उठून गेले. ते मीच प्यायले.